कढई विझली, चिमणी पेटतच राहिली: एका स्वयंपाकघराचं प्रकरण

हे प्रकरण गृहनिर्माण सोसायटीतल्या सभासदांसाठी बांधलेलं आहे. घर आणि माणसं कल्पित आहेत. चिमणीची बसवणूक, साफसफाईच्या सवयी आणि आगीचा क्रम मात्र शहरातल्या कुठल्याही मजल्यावर सापडेल असाच ठेवला आहे. गावातल्या, खिडकीसमोर चूल किंवा शेगडी असलेल्या घरांना यातलं बरंचसं लागू नाही.

घर आणि ओटा

पुण्याच्या पश्चिमेकडची सात मजली इमारत, चौथा मजला, दोन बेडरूमचा फ्लॅट. घरात सासू-सासरे, मुलगा, सून. आठ बाय दहा फुटांचं स्वयंपाकघर, एल आकाराचा काळ्या ग्रॅनाइटचा ओटा, खाली ट्रॉल्या, वर कपाटं. गॅस पाइपचा. शेगडीवर चिमणी, ‘ऑटोक्लीन’ बटणाची, आत स्टीलच्या तिरक्या पट्ट्यांची जाळी, म्हणजे बॅफल फिल्टर. खोक्यावर शोषणक्षमता ताशी १,००० घनमीटर लिहिलेली.

चिमणी बसवली इंटिरियरवाल्याच्या सुताराने. शेगडीपासून ती किती उंच हवी हे कंपनीच्या पुस्तिकेत असतं, बहुतेक ठिकाणी ६५ ते ७५ सेंटिमीटर. इथे कपाटांची खालची कड आणि चिमणीची कड एका रेषेत यावी म्हणून ती जेमतेम ५५ वर आली. दिसायला छान दिसत होतं, यात वाद नाही.

धूर बाहेर नेणाऱ्या नळीची कथा जास्त महत्त्वाची. चिमणीचं तोंड सहा इंची. तिथून अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याची घडीची नळी वर फॉल्स सीलिंगमध्ये शिरत होती. बिल्डरने ड्राय बाल्कनीकडे ठेवलेलं भोक चार इंची, म्हणून मध्येच एक रेड्यूसर, म्हणजे मोठ्या नळीला लहान नळी जोडणारा तुकडा, लावून पुढे प्लंबरकडचा पीव्हीसी पाइप जोडला. सगळी मिळून लांबी चौदा फूट, वळणं तीन. सहा इंची वर्तुळाचं क्षेत्रफळ चार इंची वर्तुळाच्या सव्वादोन पट असतं. म्हणजे हवेला जायला निम्म्याहूनही कमी वाट उरली. घडीची नळी दोन आधारांच्या मध्ये लोंबून तिला झोळ आला होता. बाहेरच्या टोकाला टोपी, टोपीत कबुतराचं घरटं.

हे कोणी लपवलं नव्हतं. सीलिंगला रंग लागला आणि नळी नजरेआड गेली, इतकंच. घरातल्या चौघांपैकी धूर नेमका कुठून बाहेर जातो हे एकालाही सांगता आलं नसतं.

त्या दुपारी

दिवाळी तीन दिवसांवर. चकल्या, शेव, कडबोळी झाली होती, करंज्यांचे शेवटचे दोन घाणे उरले होते. सकाळपासून तेच तेल, मधे एकदा भर घातलेली; आता कढईत लिटरभर उरलं असेल. चिमणी सकाळपासून तिसऱ्या वेगावर.

सासूबाई बाहेर जेवणाच्या टेबलावर सारण भरत होत्या. सून म्हणाली, “आई, तुमच्या होतायत तोवर तेल तापलेलं राहू दे,” आणि मोठा बर्नर तसाच ठेवून ती दार उघडायला गेली. कचरा नेणाऱ्या बाई दिवाळीची पोस्त मागायला आल्या होत्या. पाकीट आतल्या खोलीत. मग सुट्टे पैसे, मग डब्यात थोडा चिवडा, मग चार शब्द. पाचेक मिनिटं गेली असतील, सहाही असतील.

परत येते तर कढईवर हातभर जाळ, आणि त्याची टोकं चिमणीत ओढली जात होती.

सासऱ्यांनी पिंपातून तांब्या भरला. सुनेने ओरडून त्यांना थांबवलं, “बाबा, पाणी नको!” आणि करंज्यांची कणीक मळलेली पितळी परात उचलून, अंगापासून लांब धरून, बाजूने कढईवर सरकवली. शेगडीचं बटण जाळाच्या पलीकडे होतं, म्हणून तिने ओट्याखालची गॅसच्या पाइपची चावी फिरवली. परातीच्या कडेने दोन-तीन जिभा बाहेर आल्या आणि मिटल्या.

सगळ्यांनी सुस्कारा सोडला. चिमणी अजून चालू होती. तिचा आवाज बदलला होता, घरघर येत होती. जाळीतून तपकिरी थेंब परातीवर पडत होते, त्यातले काही पेटलेले. सीलिंगच्या सांध्यातून धूर यायला लागला, आणि समोरच्या इमारतीतून कोणीतरी ओरडलं की तुमच्या बाल्कनीतून जाळ येतोय.

चिमणीचा प्लग वरच्या कपाटात, चिमणीला खेटून. तिथे हात घालणं शक्य नव्हतं. सासऱ्यांनी हॉलमधला मेन स्विच पाडला, सासूबाईंना खाली पाठवलं, १०१ फिरवला. सुनेने स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं. जवानांनी येऊन सीलिंग दोन जागी फोडलं आणि आग विझवली. जिवावर बेतलं नाही. सुनेचा उजवा हात कोपरापर्यंत पोळला, स्वयंपाकघराचं छत आणि वरची कपाटं गेली, ड्राय बाल्कनीतलं वॉशिंग मशीन वितळलं.

तेलाला लागलेला वेळ

पाच-सहा मिनिटांत तेल पेटतं यावर बऱ्याच जणांचा विश्वास बसत नाही, कारण कढई तापायला तर तेवढा वेळ सहज लागतो. हिशेब करून बघू. तळणाचं तेल १७० ते १९० अंश सेल्सिअसला असतं. रिफाइंड शेंगदाणा तेल २३० च्या आसपास धूर सोडतं. सव्वातीनशेच्या पुढेमागे त्याच्या वाफेला ज्योत मिळाली की भडका उडतो, आणि ३६० च्या पुढे गेलं की ज्योतीचीही गरज राहत नाही. दिवसभर तापवलेल्या, पिठाचे कण जळलेल्या तेलात हे आकडे खाली येतात.

लिटरभर तेल म्हणजे साधारण ९२० ग्रॅम. ते १८० वरून ३६० अंशांवर न्यायला सुमारे ३६० किलोजूल लागतात, लोखंडी कढईचे दीडशे वेगळे. मोठ्या बर्नरची उष्णता भांड्यात प्रत्यक्ष दीड ते दोन किलोवॉट पोहोचते असं धरलं, तर वेळ येतो चार ते सहा मिनिटं. सकाळी कढईत तीन लिटर होतं तेव्हा तीच पोस्त, तोच चिवडा बिनघोर झाला असता, कारण तेव्हा दहा मिनिटांहून जास्त वेळ मिळाला असता. करंज्या टाकत राहिलं तर त्यांतलं पाणी वाफ होताना उष्णता खातं आणि तेल आपोआप आवरलेलं राहतं. रिकाम्या तेलाला आवरणारं काही नसतं. म्हणून दोन घाण्यांच्या मधला वेळ हा तळणातला सगळ्यात धोक्याचा वेळ, आणि आपण उठतो नेमके तेव्हाच.

आता या प्रकरणातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. २३० अंशांपासून पेट घेईपर्यंत तेल धुरत होतं. चिमणी नसती तर तो खाट दारापर्यंत गेला असता, सून ठसकली असती आणि धावत आत आली असती. सासूबाई दहा फुटांवर बसल्या होत्या. त्यांनाही वास आला नाही, कारण यंत्र आपलं काम चोख करत होतं. धूर ओढून घेणारं यंत्र इशाराही ओढून घेतं. चिमणी असलेल्या घरात नाकावर विसंबून ओटा सोडता येत नाही, हे चिमणी विकताना कोणी सांगत नाही.

कढईपासून नळीपर्यंत

घर गलिच्छ होतं असा समज होऊ नये. दसऱ्याआधी जाळ्या उकळत्या पाण्यात सोडा घालून धुतल्या होत्या, चिमणीची काच चकचकीत होती, ऑटोक्लीनचं बटण दर पंधरवड्याला दाबलं जात होतं. मग पेटलं काय?

बॅफलची रचना साधी आहे. हवेला तिरक्या पट्ट्यांमधून झटकन वळायला लावायचं. तेलाचे जड थेंब तेवढ्या चपळाईने वळू शकत नाहीत, पत्र्यावर आदळतात आणि ओघळून खाली येतात. बारीक तुषार आणि तेलाची वाफ मात्र सुटते आणि पुढे जिथे गार पृष्ठभाग भेटेल तिथे बसते. चौदा फुटांची गार नळी, पुढे अरुंद केलेली, त्यामुळे मागच्या सहा इंची भागात हवा मंद, आणि मध्ये झोळ. वर्षानुवर्षं तिथे चिकटा साचत गेला. झोळात तर पातळ तेलाचं डबकंच होतं.

ऑटोक्लीनमध्ये पंख्याच्या आसपास एक तापणारी कॉइल असते. ती पंख्यावरचा थर वितळवते आणि तेल खालच्या वाटीत उतरतं. एवढंच. नळीशी त्याचा काही संबंध नाही. वाटी कोणीतरी हाताने रिकामी करायची असते, आणि या घरात ती गणपतीपासून काढलेली नव्हती. ‘ऑटोक्लीन’ या शब्दावर माझा राग आहे. त्यातला ‘ऑटो’ पंख्यापुरता, पण तो ऐकणाऱ्याला वाटतं सगळा मार्गच आपोआप साफ होतोय.

वार्षिक करारावर येणारा माणूस पंखा उतरवून धूत असे, तेही रॉकेल किंवा थिनर लावून. हा प्रकार मी पाहिला की आजही अंगावर काटा येतो. थर चटकन सुटतो हे खरं, पण कोपऱ्यात राहिलेलं द्रावण आणि त्याच्या शेजारी ऑटोक्लीनची गरम कॉइल! नळी उतरवणं त्याच्या यादीतच नव्हतं. त्यासाठी सीलिंग कापावं लागलं असतं.

५५ सेंटिमीटरवरून जाळ जाळीला सहज पोहोचला. तिसऱ्या वेगावरच्या पंख्याने तो आत खेचला. भरलेली वाटी पेटली, मग पंख्याच्या घरातला थर, मग नळी. पीव्हीसी ८० अंशांच्या आसपासच मऊ पडतं. पाइप लवला, सांधा सुटला, आणि आग नळीतून सीलिंगच्या पोकळीत आली. पीओपी जळत नाही; त्याला धरून ठेवणारी प्लायची चौकट जळते, तिथून गेलेल्या वायरी जळतात. बाहेरच्या टोकाला सुक्या काड्यांचं घरटं तयारच होतं.

म्हणजे कढईची आग परातीने विझली तेव्हा दुसरी, मोठी आग कुणालाही न दिसता सुरू झालेली होती. व्यावसायिक स्वयंपाकघरांत हा धोका जुना आणि जीवघेणा आहे. बॉस्टनच्या वेस्ट रॉक्सबरी भागात २९ ऑगस्ट २००७ रोजी एका रेस्टॉरंटच्या धूर नेणाऱ्या नळीतल्या तेलकट थराला आग लागली; ती छताच्या आत, नजरेआड पसरली होती आणि अचानक भडकली. अग्निशमन दलाचे दोन जवान त्यात गेले. याच जुन्या धोक्यापोटी अमेरिकेतल्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेच्या ‘९६’ क्रमांकाच्या मानकात भरपूर तळण करणाऱ्या हॉटेलांची नळी दर तीन महिन्यांनी आणि मध्यम वापराची सहा महिन्यांनी तपासायला सांगितली आहे. घरगुती नळीला असा दंडक नाही. आपल्याकडे महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार सोसायटीला दर जानेवारी आणि जुलैत ‘बी’ नमुन्यातलं प्रमाणपत्र द्यावं लागतं, पण ते इमारतीच्या अग्निशमन यंत्रणेचं. तुमच्या फॉल्स सीलिंगमध्ये डोकावायला कोणी येत नाही.

बरोबर काय झालं, काय राहिलं

पाणी अडवलं, हे सुनेचं सगळ्यात मोठं काम. पाणी तेलापेक्षा जड. ते तळाशी जातं, क्षणात वाफ होतं आणि वाफ पाण्याच्या सुमारे १,७०० पट जागा घेते. ती जळतं तेल छतापर्यंत उडवते. एक तांब्या पुरेसा असतो. ओला टॉवेल टाकायचा सल्ला अजून चालतो, पण घाईत पिळायला कोण थांबतं? निथळणारा टॉवेल म्हणजे पाणीच.

परातही उत्तम. सपाट, जड, कढईपेक्षा मोठी. ती वरून आदळली नाही, बाजूने सरकवली, हेही बरोबर. आणि विझल्यावर लगेच उचलून पाहिली नाही. आतलं तेल पेटण्याच्या तापमानालाच असतं. हवा मिळाली की पुन्हा भडकतं. गार व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो. कढई उचलून मोरीत न्यायचा मोह तर हवाच नको; भाजण्याच्या वाईट घटना त्यातून होतात. पातेल्यातल्या लहान जाळावर खायचा सोडा चालतो, पण भरपूर लागतो. बेसन किंवा मैदा हाताशी दिसतो म्हणून टाकू नका, उडालेलं पीठ स्वतःच भडकतं.

जिन्यातला एबीसी पावडरचा, म्हणजे सर्वसाधारण आगींसाठीचा, सिलिंडर कोणी आणला नाही, आणि त्या क्षणी ते वाईट झालं असं मी म्हणणार नाही. जवळून मारलेल्या झोताने तेल उडतं, आणि जाळ दबला तरी तेल गार होत नाही. खाद्यतेलाच्या आगीसाठी वेगळा, ओल्या रसायनाचा सिलिंडर असतो. त्यातलं अल्कधर्मी द्रावण तेलाच्या पृष्ठभागाचा साबण करतं आणि वर साय धरते. युरोपात या आगीला ‘एफ’ वर्ग म्हणतात, अमेरिकेत ‘के’. घरी परात आणि फायर ब्लँकेट पुरे.

राहिलं ते चिमणी बंद करणं. परात टाकतानाच पंखा थांबला असता तर नळीला वारा मिळाला नसता. पण जाळावरून हात नेऊन बटण दाबायला मी कुणालाही सांगणार नाही. दोष बटणाच्या जागेचा आणि कपाटात कोंडलेल्या प्लगचा आहे. हॉलमधला मेन स्विच पाडायचं सासऱ्यांना सुचलं, पण तोवर दोन-तीन मिनिटं गेली होती.

पोळलेल्या हातावर शेजारणीने टूथपेस्ट आणली होती. जवानांनी ती बाजूला ठेवायला लावून हात नळाखाली वीस मिनिटं धरायला सांगितलं. बांगड्या आधीच काढल्या, सूज आल्यावर निघत नाहीत.

जाता जाता दोन गोष्टी, या प्रकरणात न घडलेल्या. घरात गॅसचा वास आला तर तो घालवायला चिमणी लावू नये; बटणाची आणि मोटारीची ठिणगी पुरते. खिडक्या उघडायच्या, गॅसची चावी बंद करायची, बाहेर पडायचं आणि एलपीजी असेल तर १९०६ ला फोन करायचा. आणि चिमणी चालू असताना खिडकी किंचित उघडी हवी. हे स्वयंपाकघर साधारण २१ घनमीटरचं. कागदावरच्या ताशी १,००० घनमीटरने ते सव्वा मिनिटात रिकामं होईल. ती हवा कुठून तरी येणार. ड्राय बाल्कनीत गॅस गिझर असेल तर त्याचा विषारी धूर उलटा घरात ओढला जाऊ शकतो.

नवं स्वयंपाकघर

दुरुस्तीत चिमणी ७० सेंटिमीटरवर गेली. कपाटांची रेष मोडली. सासूबाईंना ते आवडलेलं नाही आणि त्या तसं सांगतात. चिमणीचा सॉकेट दाराजवळच्या भिंतीवर आला, स्वतंत्र एमसीबीसह, म्हणजे बिघाड झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचसह. कपाटात नेहमीच्या कढईवर बसेल असं सपाट झाकण ठेवलं, आणि तळणाला बसताना ते आधी ओट्यावर काढायचं असं ठरलं. स्वयंपाकघरात धुराचा गजर लावला तर तो फोडणीला रोज वाजेल, म्हणून उष्णतेवर चालणारा लावला. जाळ्या महिन्यातून दोनदा धुतल्या जातात, फराळाच्या दिवसांत आठवड्याला. वाटी दर रविवारी. जाळ्या स्टीलच्या आहेत म्हणून सोडा चालतो. अ‍ॅल्युमिनियमच्या असत्या तर सोड्याने काळ्या पडल्या असत्या, आणि कॉस्टिक सोडा तर धातूच खातो.

खरा खल झाला नळीवर. सहा इंची, कडक पत्र्याची, एकाच वळणाची नळी सिंकवरच्या खिडकीशेजारून थेट बाहेर काढायची तर दर्शनी भिंतीला नवं भोक पाडावं लागणार. कमिटीने आधी नकार दिला, इमारतीचं रूप बिघडतं म्हणून. वरच्या मजल्यावरच्यांची तक्रार वेगळी: तुमच्या फोडणीचा वास आमच्या बेडरूममध्ये. दोन्ही आक्षेप खरे आहेत. शेवटी इंजिनिअरला बोलावून अटींवर परवानगी दिली. कोअर कटिंग, म्हणजे यंत्राने गोल भोक पाडणं, फक्त विटांच्या भिंतीत, बीम किंवा कॉलमला हात लावायचा नाही. तोंड खालच्या दिशेने, झडपेचं, म्हणजे पंखा बंद असताना कबुतराला आत शिरता येणार नाही. बारीक जाळी लावायची नाही, तिच्यावर चिकटा बसून तीच बुजते. सीलिंगमधल्या वळणाखाली उघडता येणारी फूटभर झडप ठेवायची. दर वर्षी दसऱ्याआधी नळी उतरवून आतून पुसायची आणि त्याचा फोटो कमिटीच्या सचिवांना पाठवायचा. ही शेवटची अट आता सगळ्या सदतीस फ्लॅटना लावावी असा ठराव वार्षिक सभेपुढे आहे. नळी कुठून जाते हे आधी शोधायचा खर्च कोणी करायचा, यावर तो अडलेला आहे.